आईचा केअरर आहे, बेनिफिट घेतो, मग बायकोचा यूके व्हिसा मिळेल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ लेस्टरला राहतात, ब्रिटिश पासपोर्ट आहे. आई त्यांच्याकडेच असते, तिला अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या वयस्कर माणसाचा भत्ता) मिळतो. तिचं सगळं बघून हे वेअरहाऊसमध्ये आठवड्याला बारा तास काम करतात आणि वर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत) घेतात, त्यात केअरर एलिमेंट म्हणजे सांभाळ करणाऱ्याची जादा रक्कम आहे. लग्न साताऱ्याला ठरलंय. आता मंडळातले लोक सांगतात, "आधी सगळे बेनिफिट बंद कर, सहा महिने जाऊ दे, मग अर्ज कर. बेनिफिटवाल्याला होम ऑफिस दारातही उभं करत नाही." (होम ऑफिस म्हणजे व्हिसा देणारं सरकारी खातं.) साताऱ्याचा एजंट म्हणतो, 29,000 पौंड पगार दाखवल्याशिवाय फाईलच घेणार नाही. त्यांनी विचारलंय की यातलं खरं काय आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आल्यावर चालू असलेल्या पैशांचं काय होईल.

आधी सरळ उत्तर देतो. काहीही बंद करू नका. उलट तुमच्या बाबतीत एक बेनिफिट कमी पडतोय, तो लगेच मागा. बंद करण्याचा सल्ला ऐकून ज्यांनी खरंच बंद केले, त्यांच्या फाईली माझ्याकडे नकार आल्यावर येतात. तोवर फी गेलेली असते आणि घरातले पैसेही.

गोंधळ कशामुळे होतो ते सांगतो. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराने 'पब्लिक फंड्स' म्हणजे ठरावीक सरकारी बेनिफिट घ्यायचे नाहीत, ही अट आहे. ती अट व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी असते. इथे हक्काने राहणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या हक्काचे बेनिफिट घेतले तर तो नियमभंग होत नाही. इमिग्रेशन रूल्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे: स्पॉन्सरला (जोडीदाराला बोलावणाऱ्याला) त्याच्या हक्काचे पैसे मिळतात एवढ्यावरून जोडीदाराने पब्लिक फंड्स घेतले असं धरत नाहीत. जोडीदार इथे आल्यामुळे त्या पैशांत वाढ झाली तरच प्रश्न येतो. ही 'वाढ' कशी टळते ते पुढे सांगतो.

आता 29,000 पौंडांचं. जोडीदाराच्या व्हिसाला किमान उत्पन्नाची अट 9 जुलै 2012 पासून लागली, तेव्हा आकडा 18,600 होता. 11 एप्रिल 2024 पासून तो 29,000 झाला. पुढे 38,700 पर्यंत न्यायचा बेत होता, तो थांबला. किमान वेतनावर चाळीस तास राबणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार 2025-26 च्या 12.21 पौंड दराने 25,400 च्या आतच राहतो. म्हणजे पूर्णवेळ कामगारसुद्धा या अटीत बसत नाही, मग बारा तासवाल्याचं काय घेऊन बसलात. एजंट इथवर बरोबर आहे. पण अटीचा पुढचा भाग त्याला एकतर माहीत नाही किंवा सांगायचा नाही.

पुढचा भाग असा. स्पॉन्सरला ठरावीक यादीतला एखादा बेनिफिट मिळत असेल तर 29,000 ची अट त्याला लागूच होत नाही. यादीत पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट म्हणजे पिप (अपंगत्वाचा किंवा दीर्घ आजाराचा भत्ता) आहे, डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स आहे, अटेंडन्स अलाउन्स आहे, इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट आहे, सैन्यातल्या आणि पोलिसातल्या दुखापतीच्या काही रकमा आहेत, आणि तुमच्या कामाचा म्हणजे केअरर्स अलाउन्स आहे. स्कॉटलंडमध्ये याच जागी वेगळ्या नावाचे बेनिफिट आहेत, उदाहरणार्थ केअरर सपोर्ट पेमेंट; तेही चालतात. आईचा अटेंडन्स अलाउन्स आईच्या नावावर आहे, आई स्पॉन्सर नाही, म्हणून तो तुम्हाला उपयोगी नाही. स्पॉन्सर तुम्ही, तेव्हा बेनिफिट तुमच्या नावावर हवा.

तुम्ही म्हणाल, मला केअररचे पैसे मिळतातच की. इथेच थांबा. तुम्हाला मिळतो तो युनिव्हर्सल क्रेडिटमधला केअरर एलिमेंट. केअरर्स अलाउन्स हा वेगळा बेनिफिट आहे, त्याचा अर्ज वेगळा, पत्र वेगळं, पैसेही वेगळे जमा होतात. यादीत नाव आहे ते केअरर्स अलाउन्सचं. केअरर एलिमेंटचं नाव यादीत नाही. आजारपणामुळे युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्तीची रक्कम मिळते, तिचंही नाही. आजारपणाचा एलिमेंट आहे म्हणजे आपण यादीत आलो असं समजून अर्ज करणारे मी बरेच पाहिलेत; त्यांना आधी पिप मिळवावा लागतो.

तुम्ही केअरर्स अलाउन्स का घेतला नाही तेही मला माहीत आहे. कुणीतरी सांगितलं असणार की तो घेऊन फायदा नाही, कारण युनिव्हर्सल क्रेडिटमधून तेवढेच कापून घेतात. हे खरं आहे, अगदी पौंडाला पौंड कापतात. हातात येणारी एकूण रक्कम तीच राहते. म्हणून हजारो लोक त्या अर्जाच्या वाटेला जात नाहीत. पण व्हिसाच्या दृष्टीने तो कागद सोन्याचा आहे. तुमच्या खिशात एक पेनी जास्त येणार नाही, तरी तुमची परीक्षाच बदलेल.

केअरर्स अलाउन्सला अटी अशा. आठवड्याला 35 तास सांभाळ करायचा, ज्याला सांभाळता त्याला अटेंडन्स अलाउन्स किंवा तसाच पात्र बेनिफिट मिळत असायला हवा आणि तुमची कमाई मर्यादेत हवी. 2025-26 मध्ये मर्यादा आठवड्याला 196 पौंड होती, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनचा अर्धा हप्ता वजा करून. त्या वर्षीच्या किमान वेतनावरचे सोळा तास त्यात जेमतेम बसत. अलाउन्सची रक्कम त्या वर्षी आठवड्याला 83.30 पौंड होती. अर्ज ऑनलाइन होतो आणि पात्र असाल तर तीन महिने मागचे मिळू शकतात, पण ते मागचे पैसे युनिव्हर्सल क्रेडिटशी जुळवून घेतले जातील, त्यामुळे खर्च करून बसू नका.

या मर्यादेत एक खड्डा आहे. व्हिसासाठी उत्पन्न जास्त दिसावं म्हणून लोक ओव्हरटाइम घेतात. दिवाळी-ख्रिसमसच्या हंगामात वेअरहाऊसमध्ये शिफ्ट मागाल तेवढ्या मिळतात. मर्यादा एका पौंडाने जरी ओलांडली तरी त्या आठवड्याचा संपूर्ण अलाउन्स जातो, थोडासा कापून उरलेला देतात असं नाही. आणि अलाउन्स गेला की तुम्ही यादीतून बाहेर, 29,000 पुन्हा डोक्यावर. तेव्हा फाईल चालू आहे तोवर मॅनेजरला हसून नाही म्हणा.

यादीत आलात की सगळं माफ असं मात्र नाही. 29,000 च्या जागी 'अ‍ॅडिक्वेट मेंटेनन्स' नावाची दुसरी कसोटी लागते. तिचं गणित साधं आहे. आठवड्याचं हातात येणारं सगळं उत्पन्न घ्या, त्यातून घरभाडं आणि कौन्सिल टॅक्स वजा करा. जे उरेल ते, तुमच्याएवढ्या ब्रिटिश कुटुंबाला इन्कम सपोर्टमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांचा जुना बेनिफिट) मिळालं असतं त्यापेक्षा कमी नसावं. नवरा-बायकोचा हा आकडा 2025-26 मध्ये आठवड्याला 144.65 पौंड होता. दर एप्रिलला तो बदलतो, अर्जाच्या दिवशीचा बघायचा. मुलं असतील तर त्यांची रक्कम यात वाढते. आईचे स्वतःचे बेनिफिट आहेत, त्यामुळे ती या हिशोबात तुमच्या माथी येत नाही.

2025-26 च्या दरांनी तुमच्यासारख्याचा हिशोब करून दाखवतो. पगार हातात आठवड्याला 150, म्हणजे महिन्याला 650. भाडं महिन्याला 650, त्यातले 600 युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये धरले जातात असं समजू. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एकट्याचा मूळ भत्ता 400.14, केअरर एलिमेंट 201.68 आणि भाड्याचे 600 मिळून 1,201.82. पगाराच्या 55 टक्के म्हणजे 357.50 कापले जातात. केअरर्स अलाउन्सचे महिन्याचे 360.97 कापले जातात. उरतात 483.35, आठवड्याचे 111.54. आता आठवड्याची बेरीज करा: पगार 150, केअरर्स अलाउन्स 83.30, युनिव्हर्सल क्रेडिट 111.54, एकूण 344.84. त्यातून भाड्याचे 150 आणि कौन्सिल टॅक्सचे समजा 25 वजा केले की 169.84 राहतात. लागतात 144.65. म्हणजे पंचवीस पौंड वर.

हो, या हिशोबात बेनिफिटसुद्धा उत्पन्न म्हणूनच धरलेत, ते चालतं. 29,000 च्या कसोटीत युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट धरता येत नाही, पण या कसोटीत स्पॉन्सरला आज मिळणारं सगळं मोजतात. तुम्ही बेनिफिट बंद केले असते तर काय झालं असतं ते आता बघा. यादीतून बाहेर पडला असता आणि हिशोबातले 195 पौंडही गेले असते. 'बंद कर' म्हणणाऱ्यांना हा कागद दाखवा.

पंचवीस पौंडांची जागा फार मोठी नाही, एवढं लक्षात ठेवा. लंडनसारख्या ठिकाणी भाडं युनिव्हर्सल क्रेडिटच्या मर्यादेपेक्षा दोन-तीनशेने जास्त असतं आणि तिथे हेच गणित उलटं पडतं. तसं झालं तर बचत, किंवा नातेवाईकांकडून नियमित मिळणारी आणि कागदावर सिद्ध होणारी मदत या कसोटीत मांडता येते. मामाने 'मी बघतो' म्हटल्याचं पत्र पुरत नाही, मामाचे बँक स्टेटमेंट आणि तुमच्या खात्यात दर महिन्याला आलेले पैसे दिसायला हवेत.

कागदांत दोन गोष्टींवर फाईल अडते. एक, केअरर्स अलाउन्स चालू आहे आणि सध्या किती मिळतो हे सांगणारं डीडब्ल्यूपीचं (बेनिफिट देणाऱ्या सरकारी खात्याचं) अधिकृत पत्र. दुसरी, अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतलं किमान एक बँक स्टेटमेंट, ज्यात ती रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली दिसते. पत्रावर 83.30 आणि स्टेटमेंटवर चार आठवड्यांचे एकत्र 333.20 असा फरक असेल तर कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहून टाका. तपासणाऱ्याला बेरीज करायला लावू नये. 'अर्ज केलाय, निर्णय यायचाय' हे होम ऑफिसला चालत नाही. अलाउन्स मंजूर होऊन पैसे खात्यात यायला लागले की मगच व्हिसाचं बटण दाबा. युनिव्हर्सल क्रेडिटची महिन्याची स्टेटमेंट्स, पगाराच्या स्लिप, भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचं बिलही जोडा. फॉर्ममध्ये बेनिफिटचा प्रश्न आहे, तिथे सगळे बेनिफिट लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवलं तर मात्र ती लबाडी ठरते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

आता लग्नाच्या प्रवासाविषयी, कारण हे कुणी सांगत नाही आणि नुकसान इथेच होतं. युनिव्हर्सल क्रेडिट चालू ठेवून परदेशात साधारण एक महिना राहता येतं. केअरर्स अलाउन्समध्ये 26 आठवड्यांत सांभाळातून चार आठवड्यांचीच सुट्टी मिळते. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, कुलदैवताला जाऊन येणं, मग दोन्हीकडच्या नातेवाइकांचे पाहुणचार, आपला मुक्काम सहा आठवड्यांवर सहज जातो. पाचव्या आठवड्यात अलाउन्स तुटतो आणि परत येऊन सगळं पुन्हा सुरू करेपर्यंत व्हिसाचा अर्ज लटकतो. तेव्हा परतीचं तिकीट चार आठवड्यांच्या आतलं काढा. जाण्याआधी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये आणि केअरर्स अलाउन्सच्या ऑफिसला कळवा. आई मागे राहणार असेल तर त्या काळात तिच्याकडे कोण बघणार हेही ठरवून ठेवा. हा प्रश्न डीडब्ल्यूपीपेक्षा आधी आईच विचारेल.

परत आल्यावर लग्न झाल्याचं जर्नलमध्ये लिहा. वहिनी अजून साताऱ्यातच असल्याने एका घरात राहणं सुरू झालेलं नाही, त्यामुळे दावा तुमचा एकट्याचाच चालतो. तरीही नोंद करून ठेवा. नंतर कुणी विचारलं तर तारखेनिशी दाखवता येतं.

घराबद्दल फार काळजी नको. गर्दी मोजताना बैठकीची खोलीही धरतात. दोन बेडरूम आणि एक हॉल म्हणजे तीन खोल्या, त्यात कायद्याने पाच माणसं बसतात. तुम्ही तिघं. घरमालकाचं, वहिनी राहायला येणार याला हरकत नाही असं पत्र घ्या.

पैशांची तयारी मात्र मोठी लागते. भारतातून करायच्या अर्जाची फी एप्रिल 2025 च्या दराने 1,938 पौंड. हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) वर्षाला 1,035. 33 महिन्यांच्या व्हिसाला तीन वर्षांचा घेतात, म्हणजे 3,105. दोन्ही मिळून पाच हजारांच्या वर. ही रक्कम साठवताना युनिव्हर्सल क्रेडिटची मर्यादा विसरू नका: बचत 6,000 च्या वर गेली की पुढच्या प्रत्येक 250 पौंडांमागे महिन्याला 4.35 कापतात, आणि 16,000 च्या वर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट बंद. लग्नात मिळालेला आहेर खात्यात भरला तर तोही बचतीतच धरतात.

वहिनी इथे पोचल्या की त्याच आठवड्यात जर्नलमध्ये कळवायचं. त्यांच्या ई-व्हिसावर पब्लिक फंड्स नाहीत अशी अट असेल. अशा जोडीदाराबरोबर राहणाऱ्याला युनिव्हर्सल क्रेडिटचा संयुक्त दावा करता येत नाही. 2013 च्या युनिव्हर्सल क्रेडिट रेग्युलेशन्समध्येच त्याची सोय आहे: दावा तुमचा एकट्याचा राहतो, दर एकट्याचा मिळतो, पण वहिनींचं उत्पन्न आणि बचत तुमच्या हिशोबात मोजली जाते. म्हणूनच त्या आल्यामुळे तुमच्या रकमेत वाढ होत नाही आणि पब्लिक फंड्सचा प्रश्न उद्भवत नाही. कधी कधी जॉब सेंटरमधला नवा माणूस चुकून जोडप्याचा दर लावतो. 2025-26 मध्ये तो 628.10 होता, तुमचा 400.14. स्टेटमेंटवर मोठा आकडा दिसला तर आनंदून गप्प बसू नका, त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहा. ते पैसे परत तर मागतातच, शिवाय अडीच वर्षांनी व्हिसाच्या एक्स्टेन्शनच्या वेळी ते वहिनींच्या नावे उभे राहतात.

बचतीत काय धरतात यावर आपल्या लोकांचा वाद नेहमी होतो. वहिनींच्या नावची एफडी धरतात. साताऱ्याचा फ्लॅट धरतात. सातबाऱ्यावर भावांबरोबर नाव असेल तर त्या हिश्श्याला प्रत्यक्षात काय किंमत येईल ती धरतात, आणि वाटणी न झालेल्या जमिनीतल्या एका हिश्श्याला गिऱ्हाईक मिळणं किती कठीण ते आपल्याला माहीत आहे, म्हणून किंमत फुगवून लिहू नका आणि वगळूही नका. अंगावरचे दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून सोडतात. पैसे लपवायला मुद्दाम सोनं घेतलं तर मात्र सोडत नाहीत.

वहिनींना काम करायची पूर्ण परवानगी आहे. नोकरी लागली की त्यांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या 55 टक्के तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापले जातील. महिन्याला 1,400 मिळायला लागले तर 770 कापले जाऊन वरच्या उदाहरणातलं युनिव्हर्सल क्रेडिट संपेल. घाबरू नका, घरात येणारे पैसे वाढलेलेच असतील. नोकरीच्या हक्काने मिळणारं मॅटर्निटी पे, सिक पे, नॅशनल इन्शुरन्सवर आधारित मॅटर्निटी अलाउन्स या गोष्टी पब्लिक फंड्समध्ये येत नाहीत, त्या वहिनी घेऊ शकतात. एनएचएस आणि मुलांची सरकारी शाळाही चालते. मूल झालं तर चाइल्ड बेनिफिटचा अर्ज तुम्ही करा, वहिनींच्या नावावर नको. एक मोह टाळा. सासूबाईंचं सगळं वहिनी करायला लागल्या की केअरर्स अलाउन्स त्यांच्या नावावर करून तुम्ही जास्त तास काम करावं असं घरात कुणालातरी सुचेलच. केअरर्स अलाउन्स पब्लिक फंड्समध्ये येतो, वहिनींनी तो मागितला की थेट नियमभंग. तुम्हीही तो तेव्हाच घ्या जेव्हा 35 तास खरंच तुम्ही सांभाळता.

कौन्सिल टॅक्समध्ये एकट्या माणसाची 25 टक्के सवलत लागू असेल तर ती वहिनी आल्यावर जाऊ शकते, कौन्सिलला कळवा. कौन्सिल टॅक्स रिडक्शन घेत असाल तर अर्ज तुमच्याच नावावर राहू द्या.

पहिला व्हिसा 33 महिन्यांचा, नंतर 30 महिन्यांचं एक्स्टेन्शन आणि पाच वर्षं झाली की कायमचं वास्तव्य. प्रत्येक टप्प्यावर पैशाची कसोटी पुन्हा द्यावी लागते, आणि त्या दिवशी तुम्हाला केअरर्स अलाउन्स मिळत असेल तरच सूट. बोलायला जड जातं, पण आईचं वय झालंय. त्या केअर होममध्ये गेल्या किंवा त्यांचं काही बरंवाईट झालं तर अलाउन्स काही आठवड्यांत बंद होतो आणि पुढच्या अर्जाला 29,000 ची कसोटी लागते. फरक एवढाच की तेव्हा वहिनींचा इथला पगारही धरता येतो. पहिल्या अर्जात साताऱ्याच्या बँकेतला त्यांचा पगार 29,000 मध्ये मोजत नाहीत, एक्स्टेन्शनला लेस्टरचा मोजतात. म्हणून त्या आल्यावर लवकर नोकरीला लागल्या तर अडीच वर्षांनी तुम्ही दोन्ही वाटांनी सुरक्षित. इथून करायच्या एक्स्टेन्शनची फी एप्रिल 2025 च्या दराने 1,321 पौंड आणि वर सरचार्ज. खरंच परवडत नसेल तर, सूट मिळणाऱ्या यादीतल्या स्पॉन्सरच्या जोडीदाराला फी माफीचा अर्ज करता येतो. कायमच्या वास्तव्याच्या फीला (एप्रिल 2025 च्या दराने 3,029 पौंड) माफी नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने कायमच्या वास्तव्याचे नियम कडक करायचे प्रस्ताव मांडले. त्यातही ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराची पाच वर्षं तशीच ठेवली होती. तरी त्या टप्प्याला पोचाल तेव्हा त्या दिवशीचा नियम बघून घ्या.

हे वाचणाऱ्या, यादीत नसलेल्या लोकांसाठी थोडं. तुमचा पगार 29,000 असून मुलांमुळे आणि भाड्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तरी व्हिसाला अडचण नाही, कसोटी पगारावर पास झाली. पगारच नसेल आणि बचतीवर अर्ज करायचा असेल तर सहा महिने खात्यात 88,500 पौंड लागतात, आणि तेवढी बचत असलेल्याला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही. काहीच जमत नसेल आणि इथे मूल असेल तर सुप्रीम कोर्टाच्या 22 फेब्रुवारी 2017 च्या एमएम (लेबनॉन) खटल्यातल्या निकालानंतर मुलाचं हित आणि उत्पन्नाचे इतर मार्ग बघणं होम ऑफिसला भाग आहे. पण ती वाट दहा वर्षांची आहे, वकिलाशिवाय चढू नका.

वहिनींसाठी एक गोष्ट, आणि ती तुम्ही स्वतः त्यांना वाचून दाखवा. नवऱ्याचा व्हिसा म्हणजे नवऱ्याची कैद नाही. घरात मारहाण, कोंडून ठेवणं, पगार काढून घेणं असं काही झालं तर जोडीदाराच्या व्हिसावरच्या व्यक्तीला वेगळी सवलत आहे. तिला तीन महिने राहण्याची परवानगी मिळते, त्या काळात बेनिफिट मागता येतात आणि कायमच्या वास्तव्याचा स्वतंत्र अर्ज करता येतो. 'पोलिसात गेलीस तर परत पाठवतील' ही धमकी मी मराठी घरांतही ऐकली आहे, आणि ती खोटी आहे.

शेवटी एजंटविषयी. यूकेच्या इमिग्रेशनचा सल्ला यूकेमध्ये बसून पैसे घेऊन द्यायचा असेल तर तो माणूस सॉलिसिटरसारखा मान्यताप्राप्त वकील हवा किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदवलेला. जानेवारी 2025 आधी त्या संस्थेचं नाव ओआयएससी होतं. नोंदवलेल्यांची यादी ऑनलाइन सगळ्यांना बघता येते. साताऱ्याच्या एजंटने लेस्टरच्या आपल्या 'पार्टनर'चं नाव दिलं तर ते आधी त्या यादीत शोधा, आणि सापडलं तरी त्याला एकच प्रश्न विचारा: केअरर एलिमेंट आणि केअरर्स अलाउन्स यांत व्हिसासाठी फरक काय? उत्तर देताना अडखळला तर फी देऊ नका.